गाडी थांबली, पण गोळीचे काय?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रत्नागिरीहून रात्रीच्या एस.टी.ने पुण्याला यायचे होते. मला घाटात गाडी लागते, हे माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे! म्हणून निघण्यापूर्वी, नऊच्या सुमारास, डॉक्टरांनी सांगितलेली प्रोमेथाझिनची गोळी घेतली. घाटाची वळणे झोपेतच गेली. सकाळी घरी पोचलो, आंघोळ केली, चहा घेतला आणि नऊ वाजता कॉलेजला जाण्यासाठी स्कूटर काढली. झोप अशी वाटत नव्हती. तोंड तेवढे कोरडे पडले होते. चौकात एक मुलगा सायकलवरून आडवा आला. मी ब्रेक दाबला, पण उशिरा. त्याच्या आणि माझ्या चाकात वीतभर अंतर उरले.

प्रवास तर संपला होता. मग हा उशीर कोठून आला?

आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळले की त्यांतील द्रव जडत्वामुळे मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळण कळते. चालत्या गाडीत पुस्तक वाचताना डोळे म्हणतात, आपण स्थिर आहोत. कान म्हणतात, आपण वळतो आहोत. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. प्रोमेथाझिन हे मेंदूतील हिस्टामीन आणि ॲसिटिलकोलीन या रसायनांचे काम अडवते व उलटी टळते. पण मेंदूला जागे ठेवण्यात हिस्टामीनचा मोठा वाटा असतो. लाळ सुटणे, जवळचे अक्षर स्पष्ट दिसणे ही कामे ॲसिटिलकोलीनवर अवलंबून. तेव्हा गुंगी, कोरडे तोंड, अंधुक अक्षरे हे सारे त्याच गोळीबरोबर येते.

(अशा औषधांचा हा गुण सापडला तोही अपघातानेच. १९४७ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे अंगावर पित्त उठते म्हणून एका बाईंना डायमेनहायड्रिनेट दिले होते. त्यांनी सांगितले, हल्ली मला ट्राममध्ये मळमळत नाही!)

आता किरणोत्सर्गाच्या धड्यातले अर्धायुष्य आठवा. रक्तातील औषधालाही ते असते. प्रोमेथाझिनचे अर्धायुष्य माणसागणिक साधारण १० ते १९ तास. माझे १२ धरू. म्हणजे मी स्कूटर काढली तेव्हा शोषल्या गेलेल्या औषधापैकी जवळजवळ निम्मे अंगात होते! त्या रात्री नऊला पाव, दुसऱ्या सकाळी आठवा हिस्सा. येताना पुन्हा गोळी घेतली, तर जुन्या शिलकेत नवी भर.

त्या शिलकेची किंमत काढून पाहा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. ब्रेककडे पाय जायला नुसता अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. वाईट एवढेच की, हा मंदपणा ज्याचा त्याला जाणवतोच असे नाही. मला कोठे जाणवला होता?

सगळे खापर मात्र गोळीवर फोडू नका. गाडी लागण्यानेही सुस्ती येते, गोळी न घेणाऱ्यालासुद्धा. बोटीतून उतरल्यावर जमीन डुलते, ती लाटांची सवय झालेल्या मेंदूमुळे. सहलीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. आणि घरातल्या धाकट्या भावंडांना आपल्या गोळीचा तुकडा मोडून देऊ नका. दोन वर्षांखालील मुलांचा श्वास प्रोमेथाझिनने धोकादायकरीत्या मंदावू शकतो, आणि मोठ्या मुलांचा डोसही डॉक्टरच ठरवतात.

मी आता खिडकीजवळची पुढची जागा धरतो, दूर रस्त्याकडे पाहत बसतो. गोळी घ्यावीच लागली, तर दुसऱ्या दिवशी कॉलेजला बसने जातो.