तिसऱ्या घंटेनंतरची घंटा

नाट्यगृहात तिसरी घंटा होते, भ्रमणध्वनी बंद ठेवण्याची विनंती होते, पडदा उघडतो. आणि ऐन भावोत्कट प्रसंगी कुणाचा तरी खिसा गाऊ लागतो. वर ‘नाटकात आहे, नंतर बोलतो’ हा संवादही प्रेक्षागारातूनच ऐकू येतो! २०१९ मध्ये सुबोध भावे यांनी या उपद्रवापायी नाटकात काम करणे थांबवण्याची भाषा केली, ती अकारण नव्हती. मोडलेली स्तब्धता नटाला त्याच क्षणी, त्याच प्रेक्षकांसमोर पुन्हा उभारावी लागते. जॅमर बसवावेत, असे सुचवले जाते. परंतु त्यास केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय प्रेक्षकांतील डॉक्टरांचे निकडीचे बोलावणेही त्यात अडकेल. अशा डॉक्टरांनी फोनचा आवाज बंद ठेवून कडेची खुर्ची घ्यावी आणि बाहेर जाऊन बोलावे. इतरांची निकड बहुधा मध्यंतरापर्यंत थांबू शकते.