पाटा वाढवायचा, पण कशासाठी?

घरचा ट्रक म्हणजे दुभती गायच! पण कोकणात मासळीच्या बर्फाचं खारट पाणी झिरपून त्याची चासी गंजते. ती बदलायला काढली, की घरात हमखास विषय निघतो, ‘एवढं खोललंच आहे, तर जास्तीचा पाटाही घालू, माल जास्त बसेल.’ मैत्रिणींनो, गहाण पडतात ते आपले दागिने. मग निर्णयात आपण नको का?

झिजलेले बुश, पिना, यू-बोल्ट, चिरलेले पाटे आत्ताच बदलणं शहाणपणाचं. पुन्हा खोलायची मजुरी वाचते. जास्तीच्या पाट्याने मात्र ब्रेकची ताकद वाढत नाही. रिकामी गाडी उलट जास्त आदळते. आरसी बुकातलं वजनही तेवढंच राहतं. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार जादा मालाला २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये!

चासीच्या नंबरावरच गाडीची नोंद असते, म्हणून आरटीओची परवानगी आधी घ्यावी, विमा कंपनीलाही कळवावं.

पाट्याचे पैसे गंजरोधक रंगाला लावा आणि खेप झाली की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवायला सांगा. दोन टोपल्या कमी गेल्या तरी चालेल, गाडीवर आपलं माणूस बसलेलं असतं!