पितळी सुटे भाग करून घेताना पैसा कुठे वाचतो?



आपल्या भिवंडी तालुक्यात चकली, शेवया, कुरडया, तांदळाचे पापड करणारे गट आहेत. बहुतेकांकडे हाताचं किंवा मोटारीवरचं यंत्र असतं. या यंत्रांत दोन पितळी वस्तू सतत झिजतात. एक म्हणजे जाळी किंवा चकती, जिच्यातून पीठ बाहेर पडतं. दुसरा बुश, म्हणजे ज्यात यंत्राचा दांडा फिरतो ते पितळी कडं. चकतीची भोकं मोठी झाली की चकली जाड पडते, आतून कच्ची राहते आणि पाव किलोच्या पाकिटात दोन-तीन नग कमी बसतात. बुश झिजला की दांडा खडखडतो आणि यंत्र पीठ नीट ढकलत नाही.

यंत्र नवीन असेल तर हे भाग दुकानात तयार मिळतात. मिळत असतील तर तेच घ्या. तयार वस्तू हजारांनी बनते म्हणून स्वस्त पडते. पण यंत्र जुनं असेल, कंपनी बंद झाली असेल, किंवा चकली आपल्याच आकाराची हवी असेल, तर भाग करून घ्यावा लागतो. तिथे गटाचा बराच पैसा जातो आणि तो कशावर गेला हे पुष्कळदा कळतही नाही. आज त्याबद्दल बोलू या.

पहिली गोष्ट अशी की छोट्या ऑर्डरीत पितळ फार महाग पडत नाही, महाग पडतो तो वेळ. कारागीर आपलं काम हाती घेतो तेव्हा आधी लेथवरचं दुसरं काम उतरवतो, हत्यारं बदलतो, सळई बांधतो, माप लावतो, एक नग काढून तपासतो. याला ते लोक सेटिंग म्हणतात. एक नग करायचा असो की पन्नास, सेटिंगचे कष्ट तेवढेच. एका पुरणपोळीसाठी पुरण शिजवा नाहीतर पन्नाससाठी, पाटा-पुरणयंत्र धुवावंच लागतं ना, तसंच हे.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेते. समजा सेटिंगचे १००० रुपये आणि प्रत्येक नगाचे ४० रुपये. एका गटाने ४ चकत्या केल्या तर सेटिंगचे प्रत्येकीवर २५० रुपये पडतात, आणि एक चकती २९० रुपयांना जाते. आता ग्रामसंघातले पाच गट एकत्र आले आणि २० चकत्या एकदम करायला दिल्या, तर सेटिंगचे प्रत्येकीवर फक्त ५० रुपये पडतात. तीच चकती ९० रुपयांत मिळते. चकती तीच, कारागीर तोच, फरक फक्त एकत्र जाण्याचा. मात्र त्याआधी पाचही गटांनी आपापल्या जुन्या चकत्या आणून एकमेकींवर ठेवून पाहायच्या. यंत्रं एकाच मापाची असतील तरच हे जमतं.

मग शंभरच का करू नयेत? त्याच हिशेबाने शंभर नगांना एक चकती ५० रुपयांना पडेल. पण बिल होईल ५००० रुपयांचं. वीस नगांचं बिल १८०० होतं. वरचे ३२०० रुपये कपाटात पितळ होऊन पडून राहतील आणि तेवढ्या रकमेचं कर्ज गटातल्या एखाद्या बाईला देता येणार नाही. दोन-तीन वर्षांत जेवढे लागतील तेवढेच नग करा.

दुसरी गोष्ट कागदाची. कारागिराकडे जुना तुकडा नेऊन "अस्साच करून द्या" म्हटलं, तर तो झिजलेला तुकडाच पुन्हा तयार होऊन येतो. भोक मुळात ३ मिलिमीटरचं होतं आणि झिजून साडेतीन झालं, हे त्याला कसं कळणार? म्हणून एका कागदावर चित्र काढायचं. बाहेरचा व्यास, जाडी, भोकांची संख्या, भोकाचं माप, कुठे आटे असतील तर ते. सगळं मिलिमीटरमध्ये लिहायचं. जुने मिस्त्री सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. बोलताना सूत चालेल, कागदावर मिलिमीटरच हवं. माप व्हर्नियरने घ्यायचं. गावातल्या आयटीआय शिकलेल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला बोलवा, अर्ध्या तासाचं काम आहे. झिजलेल्या भोकाचं माप घेऊ नका. चकतीच्या कडेचं एखादं भोक कमी वापरातलं असतं, त्याचं घ्या.

या कागदावर आणखी एक गोष्ट लिहायची. कुठलं माप अगदी नेमकं हवं आणि कुठलं थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. याला टॉलरन्स म्हणतात. बुशाचं आतलं भोक दांड्याला बरोबर बसलं पाहिजे, तिथे चूक चालत नाही. पण बुशाची लांबी पाव मिलिमीटर कमीजास्त झाली तर काय बिघडतं? आपण काहीच लिहिलं नाही, तर काळजी घेणारा कारागीर सगळीच मापं नेमकी काढतो आणि त्या वेळेचे पैसे लावतो. दुसरा कारागीर सगळीच ढिली काढतो. दोन्हींत तोटा आपलाच.

तसंच चकाकी. बुश यंत्राच्या पोटात बसतो, तो कुणाला दिसत नाही. त्याला पॉलिश कशाला? "पॉलिश नको, फक्त धारदार कडा मोडून द्या" एवढं लिहा.

भोकांचं सांगते. गोल भोक ड्रिलने पडतं, ते स्वस्त. ड्रिल १, दीड, २ मिलिमीटर अशा ठरलेल्या मापांत सहज मिळतात. १.७ मागितलं की खास आणावं लागतं. भोक जेवढं बारीक आणि चकती जेवढी जाड, तेवढं ड्रिल मोडतं. शेवयांच्या चकतीला उगाच जाडी मागू नका. चकलीचं चांदणीसारखं भोक मात्र ड्रिलने होत नाही. ते कानशीने घासून किंवा वायरकट यंत्रावर कापून करावं लागतं. वायरकटवर पैसे कापायच्या वेळेचे असतात. तिथे पातळ चकत्या एकावर एक ठेवून एकदम कापता येतात. विचारा, "थप्पी लावून कापाल का?"

आता पितळाकडे येऊ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात अर्ध्याहून जास्त तांबं असतं, आणि तांब्याचे भाव जगभर ठरतात लंडनच्या धातूबाजारावर. त्यामुळे पितळाचा भाव रोज हलतो. कारागिराने दिलेला दर किती दिवस टिकेल हे लिहून घ्या, नाहीतर बैठकीत ठराव होईपर्यंत दर बदललेला असतो.

पितळ कुठल्या रूपात घ्यायचं यावरही खर्च ठरतो. एक बुश घ्या. बाहेरून ३० मिलिमीटर, आतून २०, लांबी ३०. भरीव सळईतून केला तर त्याला सुमारे १८० ग्रॅम पितळ लागतं. मधलं भोक पाडताना त्यातलं ८० ग्रॅम कीस होऊन खाली पडतं. म्हणजे विकत घेतलेल्या पितळातलं जवळजवळ निम्मं जमिनीवर! तोच बुश १८ मिलिमीटर भोकाच्या पोकळ सळईतून केला तर सुमारे ११५ ग्रॅमच पितळ लागतं आणि भोक पाडायचा वेळही वाचतो. पोकळ सळईचा किलोचा दर थोडा जास्त असतो, म्हणून दोन्ही हिशेब मागून घ्या. सहा बाजूंचं नट हवं असेल तर सहा बाजूंच्या सळईतूनच करायला सांगा. आणि बाहेरचं माप बाजारात मिळणाऱ्या सळईइतकंच ठेवता आलं, तर बाहेरून कातायची गरजच उरत नाही.

तो जमिनीवरचा कीस कुणाचा? पितळाला भंगारातही चांगला भाव असतो. ४० बुश केले तर वरच्या हिशेबाने ३ किलो २०० ग्रॅम कीस निघतो. किलोला ४०० रुपये धरले तर १२८० रुपये झाले. पितळ आपण आणून दिलं असेल तर कीस आपला. कारागिराने पितळ घातलं असेल तर कीस तो ठेवेल, पण मग त्याने तेवढा दर कमी केला पाहिजे. दोन्हीपैकी काय ते आधीच ठरवा. कीस आपण घेणार असू तर लोखंडाच्या किसात मिसळू द्यायचा नाही, मिसळला की भाव पडतो. लोहचुंबक फिरवून पाहा. पितळ चुंबकाला चिकटत नाही.

आता ज्या ठिकाणी पैसा वाचवायचा नाही ते सांगते. लेथवर कातायला सोपं जावं म्हणून सळईच्या पितळात सुमारे ३ टक्के शिसं घातलेलं असतं. त्यामुळे कीस बारीक तुटतो, काम झरझर होतं, मजुरी कमी पडते. बुशासाठी हे पितळ उत्तम, कारण तो पिठाला लागत नाही. पण चकती पिठाला लागते. शिसं पोटात जाणं वाईट, लहान मुलांना तर फारच. त्याचं कुठलंच प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पितळेच्या भांड्यात ताक-आमटी कळकते हे आपल्या आज्यांना माहीत होतं, म्हणून तर कल्हईवाला दारात यायचा. कुरडईचा चीक तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा, आंबूस. तो पितळाला लागला की धातू त्यात उतरतो. बारीक भोकांच्या चकतीला कल्हई सोयीची नाही, कारण भोकं बुजतात आणि घासून कल्हई निघूनही जाते.

म्हणून चकतीसाठी "शिसं नसलेलं पितळ" असं कागदावर स्पष्ट लिहा आणि बिलावरही लिहून घ्या. भांडी ठोकून-दाबून करायची असल्यामुळे भांड्यांच्या पत्र्याला शिशाचं पितळ सहसा चालत नाही, ते तडकतं. म्हणून चकती सळईऐवजी पत्र्यातून कापलेली बरी. तरी भंगार वितळवून केलेल्या मालाचा भरवसा नसतो. मोठी ऑर्डर असेल तर मालाचा तपासणी दाखला मागा, किंवा एका तुकड्याची स्पेक्ट्रो तपासणी करून घ्या. नाहीतर पितळ उघडं पडेपर्यंत कुणाच्या पोटात काय गेलं हे कळणारच नाही. आंबूस पिठाच्या कामाला स्टेनलेस स्टीलची चकती मिळत असेल, तर मी म्हणेन तीच घ्या. कातायला ती महाग पडते, पण टिकते जास्त आणि घोर राहत नाही. पितळी चकती वापरत असाल तर काम झालं की लगेच पीठ काढून, धुऊन, पुसून कोरडी ठेवा. रात्रभर पीठ लागलेली ठेवू नका.

काम द्यायचं कुठे? गुजरातेतलं जामनगर पितळी भागांसाठी देशभर प्रसिद्ध आहे, पण तिथला फायदा हजारोंच्या ऑर्डरीला. वीस-चाळीस नगांसाठी आपलं भिवंडीच बरं. इथे यंत्रमागाचे भाग करणारी आणि दुरुस्त करणारी लेथची दुकानं आहेत, बुश करणं त्यांच्या हातचं काम. जाऊन दाखवता येतं, चुकलं तर परत नेता येतं, वाहतुकीचा खर्च नाही. पितळ स्वतः घ्यायचं ठरलं तर मुंबईत पायधुनीजवळ तांबाकाट्याला तांब्यापितळेचा जुना बाजार आहे.

तीन ठिकाणी दर विचारा, पण तिघांनाही तोच कागद द्या. दर तोडून मागा: पितळ किती, मजुरी किती, सेटिंग किती, किसाचं काय, जीएसटी धरून की वेगळा. गटाची जीएसटी नोंदणी नसेल तर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. आणि प्रत्येकाला एक प्रश्न नक्की विचारा: "दादा, यात काय बदललं तर स्वस्त पडेल?" चांगला कारागीर लगेच सांगतो, ही कड सरळ ठेवा, हे माप एक मिलिमीटर वाढवा. त्याचं ऐका. सगळ्यांत कमी दर देणाऱ्याला काम द्यायलाच हवं असं नाही. जो प्रश्न विचारतो, माप पुन्हा तपासतो, त्याचं काम सहसा परत न्यावं लागत नाही.

सगळे नग करायच्या आधी एक नमुना करून घ्या. तो यंत्रात बसवून एक घाणा काढा. चकली बरोबर पडली, तुटली नाही, तर मग बाकीचे करायला सांगा. आगाऊ रक्कम पितळाच्या किमतीएवढीच द्या, उरलेली नग मोजून, तपासून. कारागिराने आपल्या पैशांतून खास साचा बनवला असेल, तर "साचा गटाच्या मालकीचा" असं बिलावर लिहून घ्या. पुढच्या वेळी तो पुन्हा बनवायचे पैसे लागणार नाहीत.

आणि तो मापाचा कागद, बिल, कारागिराचा नंबर गटाच्या फाइलमध्ये लावा. अध्यक्ष-सचिव बदलतात, फाइल राहते. चार वर्षांनी चकती पुन्हा झिजेल, तेव्हा ज्या कुणी असतील त्यांना हे सगळं नव्याने शोधावं लागू नये.

येत्या बैठकीला आपली जुनी चकती पिशवीत घालून आणा आणि शेजारच्या गटाच्या चकतीवर ठेवून पाहा. मापं जुळली तर त्याच दिवशी ठराव लिहून टाका. दिवाळीच्या तोंडावर लेथवाल्यांकडेही घाई असते, तेव्हा श्रावणातच काम दिलेलं बरं.