सायलेन्सर बदलताय? आधी हे वाचा

वस्तीत मोटारसायकल ही चैन नाही. डिलिव्हरी, रात्रपाळी, मुलांची शाळा हे सगळे तिच्यावरच चालते. गाडी जुनी झाली की सायलेन्सर गंजतो, भोक पडते आणि तो बदलावाच लागतो. काही तरुण मात्र चांगला सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवतात. गॅरेजमध्ये दोन्ही कामे सारखीच दिसतात, पण घरावर आणि गल्लीवर होणारा परिणाम सारखा नसतो.

सायलेन्सर काय करतो?
इंजिनातील स्फोटांचा आवाज आतल्या कप्प्यांत आणि जाळीत जिरतो. अलीकडच्या गाड्यांत त्याच मार्गावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेल्या पेट्रोलची वाफ यांचे बरेचसे रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेत करतो. जाळी काढली की आवाज वाढतो. कन्व्हर्टर काढला की विषारी धूर वाढतो, आणि तो डोळ्यांना दिसतही नाही.

कानावर काय परिणाम होतो?
कानाच्या आत ध्वनी टिपणाऱ्या नाजूक केसपेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास ही कानाची मर्यादा मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. दिवसभर गाडीवर असणाऱ्या मुलाचे कान सगळ्यांत आधी जातात. कानात सतत शिटीसारखा आवाज येणे ही धोक्याची खूण आहे. अशा वेळी सरकारी दवाखान्यात कान तपासून घ्या.

आपल्या गल्ल्या अरुंद, भिंती पत्र्याच्या. आवाज बाहेर जायला वाव नसतो, तो घरात शिरतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. तान्हे बाळ दचकून उठते, रक्तदाबाच्या आजीची झोप मोडते, अभ्यासिकेत बसलेल्या मुलांचे लक्ष उडते.

सायलेन्सर बदलावाच लागला तर
- आपल्याच मॉडेलचा, जाळी आणि कन्व्हर्टर असलेला घ्या. बीएस-६ गाडीचा ऑक्सिजन सेन्सर जागेवर बसलाच पाहिजे.
- इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काम करा.
- इंजिनाच्या तोंडाशी नवे गॅस्केट टाका. जुनेच वापरले तर सांध्यातून धूर गळतो. सांध्याभोवती काळी काजळी आणि फुसफुस आवाज ही गळतीची खूण.
- हीट शील्ड परत लावून घ्या. मागे बसणाऱ्याचा पाय किंवा साडीचा पदर पाइपाला लागणार नाही हे पाहा.
- पहिल्यांदा गाडी उघड्यावर सुरू करा. घरात किंवा बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोके दुखले, गरगरले, मळमळले तर लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा.
- जुना सायलेन्सर गॅरेजवर सोडू नका. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम हे महागडे धातू असतात. मात्र तो घरी फोडू नका, त्याची धूळ छातीत जाते.

भाजले तर
दाराशी लावलेल्या गाडीचा तापलेला पाइप मुलांच्या पोटरीला लागतो. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नका. फोड फोडू नका. जखम मोठी असेल किंवा मूल लहान असेल तर डॉक्टरांना दाखवा. गाडी लावताना पाइप भिंतीकडे ठेवा.

दंड किती?
आवाज आणि प्रदूषणाची मानके मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. लायसन्सही तीन महिने जाऊ शकते. ज्याची रोजी गाडीवर आहे, त्याची तीन महिन्यांची कमाई बुडाली.

घरातल्या तरुणाला रागावण्यापेक्षा हे सगळे त्याच्याजवळ बसून सांगा. जयंतीच्या रॅलीच्या तयारीच्या बैठकीतही हा विषय जरूर घ्या. गाडीचा आवाज मोठा झाल्याने मान वाढत नाही. शेजारच्या बाळाचे कान मात्र जातात.