पाहुणा रेणू आत आला की चुंबकत्व बदलतं

2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं. त्यांच्या धातू-सेंद्रिय सांगाड्यांची चर्चा झाली ती पाणी आणि वायू धरून ठेवण्यासाठी. या सांगाड्यांचं चुंबकत्व मात्र मागेच राहिलं, आणि खरी गंमत तिथेच आहे!

अडचण मुळातच आहे. मोठी छिद्रं हवीत, तर धातूचे अणू लांब सेंद्रिय दुव्यांनी जोडावे लागतात. चुंबकत्वासाठी मात्र शेजारच्या अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना एकमेकांचा प्रभाव जाणवायला हवा, म्हणजे दुवा आखूड हवा.

यावर एक सुरेख वाट म्हणजे प्रत्येक अणूलाच स्विच बनवणं. लोह, पायराझिन, प्लॅटिनम आणि सायनाइड यांचा एक सांगाडा आहे. त्यातल्या लोहाकडे सहा डी-इलेक्ट्रॉन असतात. चार एकेकटे राहिले, तर पदार्थ चुंबकाकडे ओढला जातो. सगळ्यांच्या जोड्या जमल्या, तर ती ओढ संपते.

2009 मध्ये कितागावा आणि सहकाऱ्यांनी हा बदल खोलीच्या तापमानाला, नुसते पाहुणे रेणू आत सोडून घडवला. बेंझीन छिद्रात शिरलं की सांगाडा आकसू शकत नाही, इलेक्ट्रॉन एकेकटेच राहतात. कार्बन डायसल्फाइड शिरलं की जोड्या जमतात. पाहुणा निघून गेल्यावरही ती अवस्था टिकते!

त्याआधी, 2002 मध्ये, कॅमेरॉन केपर्ट यांच्या गटाने दुसऱ्या एका लोह-सांगाड्यात इथेनॉल भरून आणि काढून असाच परिणाम दाखवला होता.

वायू ओळखणाऱ्या संवेदकांसाठी हे फार आशादायक आहे.