तारा, रूळ आणि चावडी : सातारा, १९४२ ते १९४६

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला, तेव्हा आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील बराचसा मुलूख एकाच सातारा जिल्ह्यात मोडत होता आणि तेथील इंग्रजी अंमल लोहमार्ग, तारायंत्र, टपाल व गावचावडीतील दप्तर यांच्या आधारे चालत होता. सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाल्यानंतर भूमिगत कार्यकर्त्यांनी समोरासमोरचा सामना टाळून याच जाळ्यावर वारंवार घाव घालण्यास आरंभ केला. या लढ्यातूनच पुढे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार, म्हणजे गावोगावी न्यायनिवाडा करणारी समांतर राज्यव्यवस्था, उभे राहिले.

माळरानावरून गेलेली तार तोडण्यास एक रात्र पुरे होई. ती राखायची तर मात्र प्रत्येक मैलावर, रोज रात्री पहारा ठेवणे भाग होते, आणि एवढे मनुष्यबळ कोणत्याही जिल्हा पोलिसांकडे नसते. शिवाय हल्ल्याची जागा व वेळ निवडणे हल्लेखोराच्या हाती असे. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या ‘तुफान सेना’ या सशस्त्र दलाने शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली, तेव्हा रुळांवर पुढे दगड रचून गाडी थांबवण्यात आली आणि तिला मागे हटता येऊ नये म्हणून शेवटच्या डब्यामागेही धोंडे टाकण्यात आले. गाडीत बंदूकधारी रक्षक होता, पण त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

देशभर १९४३ अखेरपर्यंत ३३२ रेल्वे स्थानके आणि ९४५ टपाल कचेऱ्या उद्ध्वस्त झाल्या किंवा त्यांचे मोठे नुकसान झाले. या उपद्रवाचा भार सरकारने गावांवर टाकला : सामुदायिक दंडाचा, म्हणजे गुन्हेगार सापडो वा न सापडो, परिसरातील रहिवाशांकडून रक्कम वसूल करण्याचा वटहुकूम १९४२ मध्येच निघाला होता. सरकारची खरी चूक येथेच झाली असे म्हटले पाहिजे, कारण तारा तोडणाऱ्यांची खबर ज्या गावकऱ्यांकडून मिळायची, त्यांनाच दंडाने दुखावल्यावर ती खबर मिळणे दुरापास्त झाले. तुटलेली तार पुन्हा जोडता येत होती, गावाचा विश्वास तसा जोडता येत नव्हता. त्यातच कुंडलसारखी चळवळीची केंद्रे औंध संस्थानच्या हद्दीत असल्याने ब्रिटिश मुलखातील पोलिसांचा हात तेथे सहज पोहोचत नसे.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात पुन्हा लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि नाना पाटील उघडपणे लोकांसमोर आले. तोपर्यंत, सुमारे चार वर्षे, सरकारला त्यांना पकडता आले नव्हते.