बोटीला माणसे किती येतील?

उन्हाळ्यात भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले की आपल्यापैकी बरीच मंडळी त्यांना हॅम्बुर्ग दाखवायला नेतात. लांडुंग्सब्रुकेनला ६२ नंबरच्या बोटीत बसवतात आणि फिंकेनवेर्डरपर्यंत फिरवून आणतात. वेगळे तिकीट काढावे लागत नाही, बस आणि यू-बानला चालते तेच बोटीला चालते, हे कळल्यावर पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "मग आपल्या मुंबईत हे का होत नाही? समुद्र तर दाराशी आहे!"

प्रश्न रास्त आहे, पण प्रयत्न झाले नाहीत असे मात्र नाही. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी बेलापूरच्या नव्या जेट्टीचे उद्‌घाटन झाले आणि मुंबई-नवी मुंबई वॉटर टॅक्सी सुरू झाली. स्पीडबोटीचे भाडे माणशी ८०० ते १,२०० रुपये आणि मोठ्या कॅटमरानचे २९० रुपये होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मांडव्यासाठी २०० आसनांची बोट आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेलापूर ते गेटवे अशी फेरी सुरू झाली, भाडे २५० आणि ३५० रुपये. उद्‌घाटनाला गर्दी होती, वर्तमानपत्रांत फोटो आले, पण रोजच्या फेऱ्यांना पुरेसे प्रवासी मिळेनात.

असे का व्हावे? "बोट सुरू झाली तर याल का?" असे विचारले तर कोण नाही म्हणेल? हो म्हणायला पैसे पडत नाहीत. खरा प्रश्न मंगळवारी सकाळी आठला येतो. घरापासून बेलापूर जेट्टीपर्यंत रिक्षा, मग बोट, मग गेटवेहून ऑफिसपर्यंत टॅक्सी. बोटीने वाचवलेला वेळ दोन्ही टोकांना खर्च होतो. शिवाय स्पीडबोटीच्या एका फेरीच्या पैशांत लोकलचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास निघून वर पैसे उरत. ऑफिस सुटायला उशीर झाला आणि संध्याकाळची एकच बोट चुकली, तर पुन्हा लोकल आहेच! नोकरदार माणूस हे सगळे हिशेब मनातल्या मनात करतो आणि गाडी पकडतो.

आता गेटवे-मांडवा मार्ग पाहा. तिथे वर्षानुवर्षे बोटी भरून जातात. रस्त्याने अलिबाग शंभर किलोमीटरच्या आसपास पडते आणि वाहतुकीत तीन-चार तास सहज जातात. बोट तासाभरात मांडव्याला सोडते. शिवाय काही कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसही असते. म्हणजे हॅम्बुर्गची युक्ती आपल्याकडेही माहीत आहे. प्रवाशाला दारापासून दारापर्यंत न्यायचे.

फिंकेनवेर्डरची बोट तरी काय करते? ती पर्यटकांना मिरवतेच, पण एअरबसच्या कामगारांना आणि नदीपलीकडे राहणाऱ्यांनाही नेते. भाडे शहराच्या तिकिटात धरलेले असल्यामुळे बोटीचा खर्च कोणाला वेगळा टोचत नाही. बर्लिनमध्ये वान्झे ते क्लाडो ही बोटही तशीच साध्या तिकिटावर बारा महिने चालते, तर राह्न्सडोर्फची वल्ह्यांची छोटी होडी फक्त हंगामात.

पण जर्मनीतही अंदाज चुकतात. एल्बेच्या मुखाजवळ कुक्सहाफेन ते ब्रुन्सब्युटेल ही मोटारगाड्यांची फेरी २०१५ मध्ये मोठ्या आशेने सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. २०२१ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा प्रयत्न केला, तोही वर्षभराच्या आतच संपला. नकाशावर वळसा मोठा दिसतो, म्हणून माणसे येतीलच असे नाही.

हंगामी सेवेची मोजदाद तर आणखी फसवी. गेटवे-मांडवा बोटी मेअखेरीपासून साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. कारण समजण्यासारखे आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि ६०० हून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती आठवण अजून आहे. सुरक्षिततेत तडजोड नकोच.

पण मोजणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवे की डिसेंबरात धक्क्यावर उभे राहून माणसे मोजली तर सुट्टीवर आलेली मंडळी भेटतात. जुलैत त्याच धक्क्यावर कोणी नसते, म्हणून गरज नसते असे नाही. अलिबागच्या म्हाताऱ्या आजोबांना मुंबईत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जुलैतही जायचे असते. ते कोणाच्याच आकड्यात येत नाहीत. आपलेही तसेच. इथल्या शाळांच्या मोठ्या सुट्ट्या पडतात त्या नेमक्या तिकडच्या पावसात!

त्या दिवसांत आधार आहे तो भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीचा. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही मोठी बोट माणसांबरोबर गाड्याही नेते आणि पावसाळ्यातही चालते, मात्र समुद्र खवळला तर फेरी रद्द होते. जुलै-ऑगस्टमध्ये अलिबागला जाणाऱ्यांनी निघण्याच्या दिवशी सकाळी चौकशी करावी आणि परतीच्या विमानाच्या दिवशी बोटीवर विसंबू नये.

पुढे काय? जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून खाडीपलीकडे जाणाऱ्याला आणखी एक वाट मिळाली आहे, त्यामुळे जुने अंदाज तसेच वापरता येणार नाहीत. दुसरीकडे कोचीत एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो धावते. सुरुवातीचे भाडे २० ते ४० रुपये होते, बोट बेटांवरच्या लोकांच्या रोजच्या वाटेवर आहे आणि लोकांनी ती उचलून धरली. त्याच मंडळींकडे २०२५ मध्ये मुंबईच्या जलवाहतुकीचा अभ्यास सोपवण्यात आला.

अशा अभ्यासात लोकांचे मत विचारले जाते. तेव्हा आपल्या तिकडच्या घरच्यांना एक सांगावेसे वाटते. नुसते "बोट हवी" असे लिहून देऊ नका. कुठून कुठे जायचे, आठवड्यातून किती वेळा, किती वाजता, सध्या कशाने जाता, त्याला किती पैसे आणि वेळ लागतो, जेट्टीपर्यंत कसे पोहोचाल, किती भाडे झेपेल आणि पावसाळ्यात काय करता, हे लिहा. शंभर जणांच्या नुसत्या होकारापेक्षा अशी दहा पत्रे जास्त उपयोगी पडतील. शेवटी बोट कोणासाठी आणि केव्हा सोडायची हे ठरवणाऱ्याला तेवढेच कळायला हवे असते.